पाचवा महिना, फॉलिकची गोळी आणि मिश्रीची डबी

सांगलीत समुपदेशन करताना गरोदर बायकांकडून सगळ्यात जास्त ऐकलेली काळजी म्हणजे "मॅडम, मला कळलंच उशिरा, गोळ्या उशिरा चालू झाल्या, बाळाच्या मेंदूचं काय?" त्यातली ही एक, तासगावकडची, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून सांगते.

पाळी आधीपासनंच मागंपुढं, त्यात द्राक्षाच्या छाटणीची गडबड, त्यामुळं टेस्ट केली तोवर दहावा आठवडा लागलेला. माझ्याकडं आली तेव्हा बावीसावा चालू होता आणि नुसती रडत होती, कारण मोबाईलवर कुठंतरी वाचलं की मेंदूची नळी 28 दिवसांत बंद होते. "म्हंजे माझ्या हातात आता काईच न्हाई."

पटकन 'काही होत नाही गं' म्हणून मोकळं व्हायचा मोह मला दरवेळी होतो, पण वाचलेलं खोटं नव्हतं. गर्भ राहिल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यात एक चपटी पट्टी असते, तिच्या कडा वर उचलतात आणि करंजीच्या कडा दाबाव्यात तशा एकमेकीला चिकटून नळी होते, मधनं सुरू होऊन वर डोक्याकडं नि खाली कमरेकडं. हे 28व्या दिवसापर्यंत होतं, पाळीपासनं मोजलं तर सहावा आठवडा, म्हणजे कितीतरी बायकांना तोवर पत्ताच नसतो. खालचं टोक उघडं राहिलं तर मणक्यात दोष राहतो, आणि वरचं राहिलं तर कवटी-मेंदूच नीट बनत नाही. म्हणून तर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड दिवस राहायच्या आधीपासनं घ्यायला सांगतात.

पण गोळी घेतली नाही म्हणजे नळी उघडी राहिलीच असं नसतं, बहुतेक बाळांची नीटच बंद होते. तिच्या फाईलमध्ये एकोणीसाव्या आठवड्याची सोनोग्राफी होती, डोकं नि मणका व्यवस्थित म्हणून लिहिलेलं. म्हटलं हा कागद वाचलास का? तर नाही, तो नवऱ्याकडंच होता! सोनोग्राफीत सगळंच दिसतं असं नाही, तेही सांगितलं, पण ज्या भीतीनं ती रडत होती तिचं उत्तर तिच्याच पिशवीत होतं.

मग म्हटलं काम संपलेलं नाहीये अजून. मेंदूच्या पेशी बऱ्याचशा बनल्यात, पण त्यांच्या एकमेकीशी जोडण्या आता चालू आहेत, चोविसाव्याच्या आसपास बाळ आवाजाला दचकायला लागेल, आणि मेंदूवरच्या घड्या तर शेवटच्या तीन महिन्यांत भराभर पडतात. जन्मताना मेंदू साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, मोठ्या माणसाचा तेराशे-चौदाशेचा, म्हणजे जन्मानंतरही बरंच बाकी.

मग नेहमीसारखं विचारलं, सकाळी दात कशानं घासतेस? "मिश्रीनं." दिवसातनं किती वेळा? चार-पाच. तंबाखू म्हणून तिनं ती कधी धरलीच नव्हती, घरात सगळ्याच लावतात, त्यामुळं डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. आणि मी इथं नळीबद्दल अर्धा तास बोलत बसले होते! तव्यावर भाजलेली तरी तंबाखूच ती, निकोटीन वारेतनं बाळापर्यंत जातं, बाळ कमी वजनाचं होण्याची आणि लवकर बाळंत होण्याची भीती वाढते, आणि ज्या मेंदूची बांधणी आत्ता चालू आहे त्यालाही ते पोचतं.

एकदम सुटत नाही, तिलाही नाही सुटली. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, चिडचिड झाली, दोनदा परत लावली, ते मला सांगताना लाजली. आम्ही सकाळची तेवढी आधी बंद केली, मग दुपारची. तंबाखू सोडायला मदत करणारा 1800-11-2356 हा सरकारी फोनही दिला, तिनं एकदा लावला म्हणे.

तिसाव्या आठवड्यात आली तेव्हा मिश्री बंद होऊन वीस दिवस झालेले. सासूबरोबर आली होती. सासू दारातच म्हणाली, "मी न्हाई सोडणार बरं का मॅडम, साठ वर्सं झाली," आणि सूनबाई हसत म्हणाली, "पर आत्या आता मागल्या मोरीत जाऊन लावत्यात, माझ्या म्होरं न्हाई."