पगार तेलाचा, मग बचतही तेलातच?

प्रश्न असा: तुम्ही विहिरी खोदून देणाऱ्या कंपनीत अभियंता आहात. कच्च्या तेलाचे भाव पडल्याने शेअर निम्म्यावर आलेत, म्हणून बचतीतला ३० टक्के भाग एकरकमी तीन कंपन्यांत घालायचा विचार आहे. एक मोठी, उत्खननापासून पंपापर्यंत सगळं करणारी. दुसरी लहान उत्पादक, कर्ज भरपूर पण आजच्या भावावर लाभांश ११ टक्के. तिसरी रिग (तेलविहीर खोदायची यंत्रणा) भाड्याने देणारी. मुलीच्या शिक्षणाला चार वर्षांनी पैसे लागतील.

३० टक्के नकोच. फार तर ५, आणि तेही फक्त पहिल्या कंपनीत.

तेल पडलं की उत्पादक आधी नव्या विहिरींचा खर्च कापतात. म्हणजे शेअर पडतील तेव्हाच तुमची नोकरीही डळमळेल आणि नेमके तोट्यात शेअर विकून घर चालवायची वेळ येईल. तुमच्याच कंपनीचे शेअर हातात असतील तर तेही या ५ टक्क्यांत धरा. बारा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. सहा महिन्यांचा नेहमीचा आडाखा तुम्हाला पुरणार नाही.

आता शेअर इतके का आपटतात ते बघा. एका पिंपामागे सगळा खर्च ४५ डॉलर धरू. भाव ८० असताना नफा ३५, भाव ६० झाला की १५. तेल २५ टक्के उतरलं, नफा मात्र ५७ टक्के. वर कर्जाचं व्याज असेल तर उरलेलाही त्यातच जातो.

११ टक्के लाभांशाला भुलू नका. तो मागच्या वर्षाचा लाभांश भागिले आजचा पडलेला भाव एवढंच आहे. कपात होणार हे बाजाराने आधीच गृहीत धरलंय. एप्रिल २०२० मध्ये शेलसारख्या कंपनीनेही दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच लाभांश कापला, ४७ सेंटवरून १६ सेंटवर. लहान उत्पादकांचं दुखणं वर्षभर दिसतही नाही, कारण बरंचसं तेल त्यांनी जुन्या चढ्या भावाने आगाऊ विकलेलं असतं. ते करार संपतात आणि जमिनीतल्या तेलसाठ्याच्या किमतीवर कर्ज देणाऱ्या बँका त्याच सुमारास मर्यादा खाली आणतात. मग कंपनी पडत्या भावात नवे शेअर काढते. पुढे तेल सावरलं, कंपनी वाचली, तरी तुमचा वाटा पातळ झालेला असतो.

रिगवाली तर नकोच. तो तुमचाच धंदा. उभ्या रिगचाही देखभाल खर्च चालूच राहतो. सीड्रिल या रिग भाड्याने देणाऱ्या कंपनीने २०१७ आणि २०२१ अशी दोनदा दिवाळखोरीतून कर्जाची पुनर्रचना केली. जुन्या भागधारकांच्या हाती जवळजवळ काहीच उरलं नाही.

मोठ्या कंपनीच्या अहवालात तीन आकडे शोधा: पिंपाच्या कोणत्या भावाला गुंतवणूक खर्च आणि लाभांश दोन्ही स्वतःच्या रोखीतून भागतात, पुढच्या दोन वर्षांत किती कर्ज फेडायचंय, आणि निव्वळ कर्ज वार्षिक कार्यकारी नफ्याच्या (व्याज, कर, घसाऱ्याआधीच्या) किती पट आहे. मंदीच्या वर्षातही ही पट दीडच्या आत हवी.

खरेदी पाच हप्त्यांत, दर तिमाही निकाल वाचून. जून २०१४ मध्ये ब्रेंट (जागतिक भाव ठरवताना आधार धरलं जाणारं कच्चं तेल) ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१५ मध्ये पन्नासच्या खाली. ‘निम्म्यावर आलं’ म्हणून तेव्हा सगळे पैसे घालणाऱ्यांनी वर्षभराने ३० च्या खालचा भाव पाहिला. शेअरऐवजी तेलाच्या वायद्यांचा (पुढच्या तारखेच्या खरेदीचे आज ठरलेल्या भावाचे करार) फंड घ्यावा असंही कोणी सुचवेल. असा फंड संपत आलेला वायदा विकून पुढच्या महिन्याचा घेतो. पुढचा वायदा महाग असला की दर महिन्याच्या या अदलाबदलीत पैसे झिरपत राहतात. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाचा मे वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता.

शिक्षणाचे पैसे मुदत ठेवीतच राहू द्या.

विकताना पी/ई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा नफा) उलटा वाचा. मंदीत नफा आटल्याने तो फुगलेला दिसतो, तेजीच्या शिखरावर पाच-सहावर येऊन शेअर स्वस्त भासतो. त्या वेळी तुमच्या बचतीतला तेलाचा वाटा ८ टक्क्यांवर गेला असेल तर तो विकून पुन्हा ५ वर आणा.