वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे : जनावरांचे आजार, माणसांचे आजार आणि प्रबंध

जनावरांपासून माणसांना होणाऱ्या रोगांवर प्रबंध करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख ब्रुसेलोसिसकडे, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे जनावरे गाभडवणाऱ्या आणि माणसांना ताप आणणाऱ्या रोगाकडे असल्यामुळे तपशीलही त्याच रोगाचे दिले आहेत.

प्रश्न : मार्गदर्शकांनी ‘प्राण्यांपासून माणसांना होणारे रोग’ एवढाच विषय दिला आहे. दोन वर्षांत यातले नेमके काय करावे?

एक रोग, एक प्राणी, माणसांचा एक गट आणि एकच प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, ‘शेळी गाभडल्यावर वार (गर्भाबरोबर पडणारी जार) हातमोज्यांशिवाय उचलणाऱ्या घरांतल्या माणसांच्या रक्तात ब्रुसेलाविरोधी प्रतिपिंडे (जंतूशी लढायला शरीर बनवते ती प्रथिने) जास्त सापडतात का?’ हा दोन वर्षांत पुरा होणारा विषय आहे. ‘ब्रुसेलोसिसचा अभ्यास’ हा नव्हे.

नमुन्यासाठी फक्त आजारी जनावरे निवडू नका. माल्टामध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी हा जंतू १८८७ मध्ये सैनिकांच्या शरीरातून वेगळा केला, पण तो येतो कुठून हे १९०५ पर्यंत कळले नव्हते. माल्टाचे डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांना तो शेळ्यांमध्ये सापडला, आणि त्या शेळ्या धडधाकट दिसत होत्या. जंतू बाळगणारे जनावर बहुधा असेच दिसते.

माणसांच्या आणि प्राण्यांच्या अभ्यासासाठी नैतिक समितीच्या परवानग्या वेगवेगळ्या लागतात. दोन्हींचे अर्ज पहिल्या सत्रातच करा. परवानगीआधी घेतलेले रक्त प्रबंधात वापरता येत नाही.

प्रश्न : आमच्या विभागात सगळेच ३८४ नमुने घेतात. मीही तेवढेच घेऊ का?

आधी ३८४ कुठून आले ते पाहा. रोगाचे प्रमाण ५० टक्के धरले, ५ टक्के इकडेतिकडे चालेल म्हटले आणि विश्वासपातळी ९५ टक्के ठेवली, की १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग म्हणजे ३८४ येतात. तुमच्या रोगाचे अपेक्षित प्रमाण १० टक्के असेल, तर याच सूत्राने १३९ येतात.

खरी गफलत पुढे होते. हे सूत्र प्रत्येक जनावर स्वतंत्रपणे निवडले आहे असे गृहीत धरते, आणि तुम्ही तर कळपात जाऊन एका दमात दहा जनावरांचे रक्त काढता. एका कळपातली जनावरे एकच पाणी पितात आणि एकाच जागी वितात, त्यामुळे त्यांचे निकालही एकमेकांसारखेच येतात. म्हणून संख्येला १ + (प्रत्येक कळपातली जनावरे − १) × कळपांतर्गत सहसंबंध, या आकड्याने गुणावे लागते. सहसंबंध ०.२ धरला आणि कळपामागे १० जनावरे घेतली, तर गुणक २.८ होतो आणि १३९ चे ३९० होतात, म्हणजे ३९ कळप. तेच कळपामागे ५ जनावरे घेतली, तर गुणक १.८ वर येतो आणि ५० कळपांतली सुमारे २५० जनावरे पुरतात. प्रवास वाढतो, तपासणीचे काम मात्र एक तृतीयांशाहून जास्त कमी होते. आमचा कौल नेहमी जास्त कळप आणि थोडी जनावरे यालाच राहील. सहसंबंधाचा आकडा मात्र त्याच रोगाच्या प्रसिद्ध अभ्यासांतून घ्या, आमचा ०.२ उचलू नका.

‘या मोठ्या कळपात रोग आहे की नाही’ एवढेच शोधायचे असेल, तर हिशेब वेगळा. १० टक्के जनावरे बाधित असतील, तर किमान एक सापडण्याची ९५ टक्के खात्री २९ नमुन्यांत मिळते, ५ टक्के असतील तर ५९ लागतात. चाचणी अचूक आहे, हे त्यात गृहीत आहे.

प्रश्न : ब्रुसेलाची प्रतिपिंडे शोधणाऱ्या रोझ बेंगॉल चाचणीचे निकाल दर वेळी वेगळे येतात. बरेच सीरमही (रक्त गोठल्यावर सुटणारे पिवळसर पाणी) लालसर निघते.

लालसरपणाचे कारण रक्त काढतानाच शोधा. बारीक सुईतून जोराने ओढलेले रक्त, गाडीत हिंदकळलेली नळी आणि बर्फाला थेट चिकटलेली नळी, या तिन्हींमुळे लाल पेशी फुटतात. नळी उभी ठेवून साध्या तापमानाला एक-दोन तास रक्त गोठू द्या आणि मगच थंड पेटीत ठेवा. सेंट्रिफ्यूज १,५०० जी वर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) १० मिनिटे पुरते. यंत्रावर फेरे प्रतिमिनिट दिसतात, जी नाही. रोटरची त्रिज्या बदलली की तेवढ्याच फेऱ्यांना जी बदलतो, म्हणून नोंद जी मध्येच ठेवा. अख्खे रक्त कधीही गोठवू नका. सीरम वेगळे करून दोन छोट्या कुप्यांत भरा आणि उणे २० अंशांवर ठेवा. एक कुपी कामाची, दुसरी शेवटपर्यंत न उघडण्याची. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर यासाठी चालत नाही, कारण त्याचे तापमान सतत वरखाली होते.

आता चाचणी. सीरम आणि अँटिजेन (चाचणीतला, मारलेल्या ब्रुसेला जंतूंचा रंगीत द्राव) दोन्ही खोलीच्या तापमानाला आणा. फ्रीजमधून काढल्या काढल्या चाचणी करणे, हे निकाल डळमळण्याचे मोठे कारण आहे. गायी-म्हशींसाठी सीरम आणि अँटिजेन सारखे, प्रत्येकी २५ ते ३० मायक्रोलिटर घ्या. शेळ्या-मेंढ्यांसाठी ७५ मायक्रोलिटर सीरमला २५ मायक्रोलिटर अँटिजेन घेतले, तर सुटून जाणारे नमुने कमी होतात. मिसळून चार मिनिटे हलवा आणि लगेच वाचा. पाच-सात मिनिटांनी वाचलेला नमुना कडेने सुकतो आणि गुठळीसारखा दिसतो. प्रत्येक फेरीत माहीत असलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना हवाच. वाचणाऱ्याला नमुना कोणत्या कळपातला आहे हे कळता कामा नये.

पॉझिटिव्हचा अर्थ लावताना घाई नको. चाचणीची संवेदनशीलता (बाधितांना बाधित म्हणण्याचे प्रमाण) ९० टक्के आणि विशिष्टता (निरोग्यांना निरोगी म्हणण्याचे प्रमाण) ९७ टक्के समजू. हजार जनावरांत खरी बाधित २० असतील, तर त्यांतली १८ सापडतील आणि उरलेल्या ९८० निरोगी जनावरांतली २९ उगाच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ४७ मधली १८ च खरी. म्हणून दुसरी चाचणी लागते. पण येर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ:९ या आतड्यातल्या वेगळ्याच जंतूमुळे आलेला खोटा पॉझिटिव्ह एलायझा किंवा कॉम्प्लिमेंट फिक्सेशन या प्रतिपिंडांच्या दुसऱ्या चाचण्यांनीही धड सुटत नाही. ब्रुसेला आणि येर्सिनिया या दोन जंतूंच्या पृष्ठभागावरचे लिपोपॉलिसॅकराइड (साखर आणि चरबीचे आवरण) फार सारखे आहे आणि या चाचण्या मुख्यतः त्यालाच ओळखतात. एस-१९ ही ब्रुसेलाची जिवंत जंतूंची लस दिलेल्या जनावरातही हीच अडचण येते, तेव्हा लसीची तारीख रक्त काढतानाच लिहून घ्या. कुत्र्यांतला ब्रुसेला कॅनिस हा प्रकार तर या चाचणीला दिसतच नाही.

प्रश्न : काही घरांत जनावरेही पॉझिटिव्ह आली आणि माणसेही. ‘जनावरांपासून माणसांना संसर्ग झाला’ असे लिहू का?

नको. एवढ्या पुराव्यावर ‘संबंध आढळला’ इतकेच लिहिता येते. प्रतिपिंडे संसर्ग कधी झाला ते सांगत नाहीत. त्या घरातल्या माणसाने दुसरीकडचे कच्चे दूध प्यायले असेल. घरात गाय आणि शेळी दोन्ही असतील, तर ब्रुसेला अबॉर्टस (मुख्यतः गायी-म्हशींतला) की ब्रुसेला मेलिटेन्सिस (मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांतला) हेही या चाचण्यांतून ठरत नाही.

ही कडी चर्चेच्या प्रकरणात जोडता येत नाही, ती आराखड्यातच असावी लागते. माणूस, जनावर आणि घर यांना एकाच मूळ क्रमांकाचे संकेत द्या. दोघांचे रक्त एकाच फेरीत घ्या. सहा महिन्यांच्या अंतराने घेतले, तर मधे जनावरे विकलेली असतात. निगेटिव्ह जनावरांची घरेही तेवढ्याच काळजीने तपासा, नाहीतर तुलना कशाशी करणार? प्रश्नावली निकाल येण्याआधी भरा. आपली शेळी पॉझिटिव्ह आहे हे कळलेला माणूस वार उचलल्याचे जास्त आठवून सांगतो. ‘तुम्ही काळजी घेता का’ असे विचारू नका. ‘गेल्या १२ महिन्यांत कोणते जनावर गाभडले, वार कोणी उचलली, हातात काय होते’ असे विचारा.

थेट पुरावा हवा असेल, तर दोन्हीकडून जंतू मिळवून त्यांचे पूर्ण जनुकीय वाचन करावे लागते. दोन्ही मेलिटेन्सिस निघाले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण ब्रुसेलाचे जंतू आपसात मुळातच फार सारखे असतात. त्याच भागातल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या कळपांतले जंतूही तुलनेला ठेवा. तेव्हाच तुमची जोडी खरोखर जवळची आहे की सगळेच तसे आहेत, हे कळेल.

प्रश्न : गाभडलेल्या जनावरांचे नमुने मी स्वतः घेणार आहे. कोणती खबरदारी घेऊ?

दोन थरांचे हातमोजे, एन-९५ मास्क, गॉगल आणि गमबूट घाला. क्यू-फीव्हर या जनावरांतून माणसांत येणाऱ्या दुसऱ्या रोगाने बाधित शेळीच्या वारेत ग्रॅममागे अब्जावधी जंतू असू शकतात आणि ते वाळलेल्या धुळीतूनही छातीत जातात. गरोदर विद्यार्थिनीने हे काम करू नये, मार्गदर्शकांनी तिला तपासणीचे दुसरे काम द्यावे. ब्रुसेलाचे संवर्धन फक्त जैवसुरक्षा पातळी ३ च्या (धोकादायक जंतूंसाठी बंदिस्त केलेल्या) प्रयोगशाळेत करा, ती सोय नसेल तर प्रबंध सीरमवरच ठेवा. एस-१९ किंवा रेव्ह-१ या ब्रुसेलाच्या जिवंत लसीची सुई टोचली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना लसीच्या नावासकट सांगा. आरबी-५१ लस असेल तर विशेषच, कारण तिच्यातल्या जंतूवर ब्रुसेलोसिससाठी वापरले जाणारे रिफँपिसिन हे औषध चालत नाही. कुत्रे किंवा वटवाघळे हाताळणार असाल, तर रेबीजची लस आधीच घ्या.

प्रश्न : निकाल घरमालकांना सांगायचे का?

हो, आणि कोणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचे हे संमतिपत्रातच लिहा. माणसाचा निकाल बंद पाकिटात त्याच्याच हाती द्या, शेजाऱ्यांसमोर नव्हे. सोबत ज्या डॉक्टरांशी तुम्ही आधी बोलून ठेवले आहे, त्यांच्या नावाची चिठ्ठी असू द्या. लक्षणे नसताना प्रतिपिंडे सापडली, तर लगेच औषध सुरू होतेच असे नाही, ते डॉक्टर ठरवतील. जनावराच्या निकालाबरोबर दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवणे किंवा सरळ उकळणे, आणि वार कुत्र्यांना न मिळेल इतकी खोल पुरणे, ही दोन कामे तोंडी समजावून सांगा. जनावर निगेटिव्ह असले तरी सांगा.