एका वर्षासाठी जर्मनीला जायचंय. आठ वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं की आजी-आजोबांकडे ठेवावं? आणि तिथे घर कसं बघावं?

न्या. हाच वाद आमच्या घरात झाला होता, म्हणून लिहिते.

२०१७ साली ह्यांना कंपनीने वर्षभरासाठी स्टुटगार्टला पाठवलं. मुलगी तिसरीत होती. थोरले दीर ठाम होते, "पोरीचं वर्ष वाया घालवू नका, तिला इथेच राहू दे." मी ऐकलं नाही.

पहिले तीन महिने मात्र भाऊजींचंच खरं वाटत होतं. जर्मन न येणाऱ्या मुलांच्या तयारी वर्गात तिला घातलं होतं, तिथे ती तोंडच उघडायची नाही. घरी आली की खिडकीत बसून राहायची. त्यातच ह्यांच्या कर क्रमांकाचं पत्र येईना. तो नसला की पगारातून सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यांत जड, कर कापतात. जास्तीचा नंतर परत मिळतो, पण घरभाडं तोवर थांबत नाही. चौकशी केली तर पत्र कधीच पाठवलंय म्हणाले.

एक दिवस शाळेतून येताना लेक टपालपेट्यांपुढे थांबली. "आई, आपल्या पेटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे." आधीच्या भाडेकरूचं! तिथे पत्त्यात बहुधा फ्लॅट नंबर नसतो, पेटीवर नाव नसलं की पत्र परत जातं. तिने वहीच्या कागदावर आडनाव लिहिलं आणि वरच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवून चिकटपट्टी मागितली. जर्मनमध्ये. तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं जर्मन वाक्य. मी जिन्यातच रडले.

घराचं म्हणाल तर फर्निचरसकट घ्या, रिकाम्या घरात पुष्कळदा स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिला घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ते द्यायला जो का कू करतो त्याचं घर कितीही स्वस्त असो, सोडा. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते.

"शाळेत कशाला, इथलीच शाळा ऑनलाइन करेल" असं कुणी सुचवेल. तिथे मुलांना शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे, घरी शिकवून चालत नाही.

परत आल्यावर शाळेने तिला पुन्हा तिसरीतच बसवलं. भाऊजी अजून म्हणतात, "बघ, वर्ष गेलंच ना." कागदावर गेलं, मान्य. पण ते वर्ष बापाशिवाय इथे काढून तिने काय कमावलं असतं, हे त्यांनी मला एकदाही सांगितलेलं नाही.

मूल दहावी-बारावीला असतं तर मीही दहादा विचार केला असता. तुमची आठ वर्षांची आहे.