वाचकांचे प्रश्न : विमान सरळ का उतरत नाही?

प्रश्न : गेल्या महिन्यात सोलापूरहून मुंबईला विमानाने गेलो. उतरण्याची घोषणा झाल्यावरही विमान कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळत राहिले. आकाश निरभ्र असताना वैमानिक सरळ धावपट्टीकडे का गेला नाही?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : ती वळणे बहुधा वैमानिकाने नव्हे, तर जमिनीवर रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या अ‍ॅप्रोच नियंत्रकाने, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना वाट दाखवणाऱ्या अधिकाऱ्याने, ठरवलेली होती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते आणि चहूकडून येणाऱ्या विमानांची एकच रांग लावावी लागते. एस.टी.सारखे विमान वाटेत थांबवता येत नाही. म्हणून वेळ काढायचा तर वेग कमी करायचा, नाहीतर वाट लांबवायची. गर्दी फारच असेल, तर ठरलेल्या उंचीवर घिरट्या घालायला लावतात.

नुसत्या रडारच्या प्रतिध्वनीवरून विमानाचे अंतर आणि दिशा कळते. ते कोणते आणि किती उंचीवर आहे, हे विमानातला ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणारे उपकरण, कळवतो. त्यासाठी वैमानिकाला चार अंकी संकेत दिला जातो. त्यात ८ आणि ९ हे अंक नसतातच, म्हणून एकूण संकेत ४,०९६ होतात. त्यांपैकी ७६०० हा रेडिओ बंद पडल्याची खूण म्हणून जगभर राखून ठेवलेला आहे.

विमानतळाच्या परिसरात दोन विमानांमध्ये साधारणपणे किमान ३ सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, किंवा उभे १,००० फूट अंतर राखतात. पुढे अवजड विमान असेल, तर त्याच्या पंखांमागे उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे मागच्या लहान विमानाला आणखी दूर ठेवावे लागते, आणि आपल्याकडून जाणारी विमाने तुलनेने लहानच असतात. शिवाय कोणत्या भागात किती उंचीच्या खाली विमान आणायचे नाही, हे डोंगर आणि बांधकामे पाहून आधीच ठरवलेले असते. विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली जाताना पाहिलेल्या सोलापूरकरांना उंच अडथळ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

शेवटी नियंत्रक विमानाला धावपट्टीच्या वाढवलेल्या रेषेकडे साधारण ३० अंशांच्या कोनातून वळवतो. तेथे धावपट्टीजवळच्या उपकरणांचा रेडिओ संकेत पकडून ते सुमारे ३ अंशांच्या उताराने खाली येऊ लागते आणि पुढची सूत्रे विमानतळाच्या टॉवरमधील नियंत्रकाकडे जातात. आपल्याला अपेक्षित असलेली सरळ वाट तिथून सुरू होते.