६० हजार डॉलरसाठी मुलाने कॉलेज बदलावं का?

ताई नमस्कार, तुमचा मेसेज दोनदा वाचला. मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) आहे, सध्याच्या कॉलेजात फुल स्कॉलरशिप, मेकॅनिकलची ३ सेमिस्टर राहिलीत, आणि आता दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजच्या कलेक्टिव्हने वर्षाला ६० हजार डॉलर देतो म्हणून फोन केलाय, कागद अजून काहीच नाही. त्याचे बाबा म्हणतात जाऊ दे त्याला, तुम्हाला धाकधूक वाटतेय. माझं मत आधी सांगतो, ही ऑफर आज जशी आहे तशी असेल तर त्याने जागचं हलू नये.

कलेक्टिव्ह ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, मंडळाची वर्गणी जमते ना तसं माजी विद्यार्थी आणि पैसेवाले फॅन्स मिळून पैसे टाकतात, आणि त्यातून खेळाडूला पोस्ट टाकायचे, सह्या करायचे, कार्यक्रमाला यायचे पैसे मिळतात. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, खेळाडूंना स्वतःच्या नावावर-चेहऱ्यावर कमवायची मुभा दिली (यालाच एनआयएल म्हणतात), तेव्हापासून हे फोफावलं. पण वर्गणी ती वर्गणीच, टीम हरली, कोच गेला की देणाऱ्यांचा हात आखडतो. त्यात जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या ‘हाऊस’ नावाच्या खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे द्यायला लागली, पहिल्या वर्षी एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. त्यानंतर काही कलेक्टिव्ह बंदही झाले. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की हे ६० हजार कॉलेज देणार की कलेक्टिव्ह? कॉलेज देणार असेल तर कॉलेजशी करार होतो. कलेक्टिव्हचे असतील तर ६०० डॉलर किंवा त्यावरचा प्रत्येक करार ‘एनआयएल गो’ नावाच्या यंत्रणेकडे कळवावा लागतो आणि तिथे बघतात की खरंच काही काम आहे का आणि त्या कामाला हा भाव रास्त आहे का. नुसतं टीममध्ये ये म्हणून दिलेले पैसे तिथे अडकतात, आणि मंजुरी नसताना घेतले तर पोराचं खेळणंच धोक्यात.

आता ६० हजारातले हातात किती येतात ते बघू. एजंटचे १० टक्के धरले तर ६ हजार गेले, उरले ५४. हा पगार नाही, कोणी टॅक्स कापून देत नाही, मुलगा कायद्याने स्वतःचा धंदा करणारा ठरतो, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (तिकडची सरकारी पेन्शन आणि म्हातारपणचा आरोग्य विमा) मालक आणि नोकर अशा दोन्ही बाजूंचे पैसे तोच भरणार, साधारण ७,६००. वर फेडरल इन्कम टॅक्स ३ ते ४ हजार, आणि त्या राज्याचा टॅक्स असेल तर अजून २-३ हजार. हातात ४० च्या आसपास.

आणि आता खरी गोष्ट, तुमच्या मेसेजमध्ये कुठेच नाहीये की तिकडे स्कॉलरशिप मिळणार का. तडजोडीनंतर फुटबॉलची ८५ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि टीममध्ये जास्तीत जास्त १०५ खेळाडू असा नियम आला, पण त्या १०५ जणांना सगळ्यांना स्कॉलरशिप द्यायलाच पाहिजे असं कुठे नाही. तुम्ही लिहिलंय की आत्ताच्या कॉलेजात फी, राहणं, जेवण मिळून वर्षाला ५२ हजारांचा खर्च वाचतोय, आणि त्यातल्या फी-पुस्तकांवर टॅक्सही नाही. तिकडे स्कॉलरशिप नसेल आणि राज्याबाहेरच्या मुलाची फी लागली तर ते ४० हजार फीतच जातील आणि वरून घरातूनही घालावे लागतील. ६० हजारांचा आकडा ऐकायला मोठा आहे म्हणून हे सांगतोय, तुमच्या घरासाठी ही कदाचित तोट्याची बदली आहे.

इंजिनिअरिंगचे वरच्या वर्षांचे विषय दुसऱ्या कॉलेजात सगळे धरतात असंही नसतं, ३ चे ५ सेमिस्टर झाले तर नोकरीचं एक अख्खं वर्ष पुढे गेलं, हे बाबांना नक्की सांगा.

फोनवरच्या शब्दाचं म्हणाल तर बोलाचीच कढी. २०२४ मध्ये यूएनएलव्ही या लास व्हेगासच्या विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (टीमचा मुख्य पास देणारा खेळाडू) मॅथ्यू स्लुका ३ सामने खेळून बाहेर पडला, त्याच्या बाजूचं म्हणणं की तोंडी कबूल केलेले १ लाख डॉलर मिळाले नाहीत, कॉलेजने ते मान्य केलं नाही. आणि नुसता कागद असूनही भागत नाही, जेडन रशाडा या क्वार्टरबॅकचा फ्लोरिडा विद्यापीठाच्या कलेक्टिव्हशी १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा करार होता, तो कलेक्टिव्हनेच रद्द केला आणि पोरगा पुढे कोर्टात गेला. म्हणून करारात आधी हे वाचा की समोरच्याला करार कधी आणि कशावरून तोडता येतो, दुखापत झाली तर काय, कोच बदलला तर काय, पोराने कॉलेज सोडलं तर घेतलेले पैसे परत मागणार का. आणि पुढच्या कमाईत हिस्सा असं कुठे दिसलं तर तिथेच थांबा. जर्व्हॉन डेक्स्टर या फुटबॉलपटूने कॉलेजात असताना एका कंपनीकडून ४,३६,४८५ डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) कमाईतला १५ टक्के हिस्सा २५ वर्षांसाठी लिहून दिला, नंतर त्याला त्या कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

अजून एक, घाईघाईत ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी) नाव टाकू देऊ नका, एकदा नाव गेलं की आत्ताच्या कॉलेजला त्या टर्मच्या शेवटी स्कॉलरशिप बंद करता येते, आणि किकरची जागा प्रत्येक टीममध्ये एक-दोनच.

मग कधी जावं? फुल स्कॉलरशिप लेखी, करार वकिलाने वाचलेला, एनआयएल गोची मंजुरी आलेली, आणि किती क्रेडिट धरणार हे नवीन कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून ईमेलवर. हे चारही जमलं तर माझं मत बदलेल, कारण तेव्हा ते ४० हजार खरोखर वरचे पैसे असतील आणि २१ व्या वर्षी ती छान सुरुवात आहे. तेव्हा प्रत्येक चेकमधले ३० टक्के वेगळ्या खात्यात टाकायचे आणि १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी या तारखांना अंदाजे टॅक्स भरायचा, नाहीतर दंड लागतो. उरलेल्यातून रॉथ आयआरए (निवृत्तीसाठीचं टॅक्स सवलतीचं खातं) आधी भरा, २०२६ ची मर्यादा ७,५०० डॉलर आहे. गाडी नंतर.

तुमचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे म्हणून हे सगळं लागू. पुण्या-नाशिकहून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर टेनिस किंवा गोल्फ खेळायला गेलेल्या मुलामुलींच्या पालकांनी यातलं काही तसंच उचलू नका, अमेरिकेत राहून जाहिरातीचं काम केलं तर व्हिसाच धोक्यात येऊ शकतो, आधी इमिग्रेशन वकील गाठा.

ताई, उद्या त्यांना फोन नको, ईमेल करा, स्कॉलरशिपचा प्रश्न पहिल्या ओळीत ठेवा. उत्तर आलं की मला पाठवा, आकडे परत मांडू.