आधी त्याचे हात सोडा

प्रिय बाणेरची आई,

तुझ्या पत्राची साडेतीन पानं नाचणी सत्त्व की डब्यातली पावडर या भांडणात गेली आहेत. मुलगा चौदा महिन्यांचा, वजन चार्टमध्ये बसतं असं डॉक्टर म्हणतात, तरी 'नीट जेवत नाही'. सासूबाई बरोबर की तू, याचा निकाल मी द्यायचा. आणि शेवटी, जाता जाता, एक ओळ: 'खिमट मिक्सरमधून काढते, मोबाइल लावते, आणि चमच्याला हात मारतो म्हणून हे त्याचे दोन्ही हात धरून ठेवतात.'

अगं, दोन मोठी माणसं मिळून त्या पोराला जेवायला घालताय की इंजेक्शन देताय?

निकाल हवाच तर घे: नाचणी उत्तम, वाढ ठीक असलेल्या मुलाला पावडर लागत नाही. झालं. आता हातांकडे बघ.

नवव्या-दहाव्या महिन्यात मूल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत फरशीवरचा केस उचलायला लागतं. भाताचं शीतही त्याच चिमटीत येतं. गरम, गार, चिकट, बुळबुळीत हे त्याला बोटांनी कळतं, मग जिभेला. तुझ्याकडे बोटं बंद, डोळे मोबाइलमध्ये, आणि तोंडात रोज तीच गुळगुळीत पेस्ट. चावायला काही नसेल तर जीभ घास दाढेकडे ढकलायला शिकणार कधी? नऊ-दहा महिन्यांपर्यंत गुठळीदार अन्न न मिळालेली मुलं पुढे जेवणाला जास्त त्रास देतात, असं अभ्यासांत दिसलंय. वर्षाचं मूल घरातलं जेवण जेवू शकतं. तुझं त्याच्यापुढे गेलंय. आणि दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय.

'जेवत नाही म्हणून दिवसातून चार बाटल्या दूध' हेही तूच लिहिलंयस. दुधाने पोट भरतं, पण त्यात लोह जवळजवळ नसतं. लोह रक्तापुरतं नसतं गं, मेंदूतल्या तंतूंवर वेष्टण चढतं त्यालाही ते लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांमध्ये रक्त कमी निघालं. बाणेरच्या टॉवरमध्ये राहतो म्हणून आपण त्यातून सुटलो, असं धरू नकोस. हिमोग्लोबिनचं डॉक्टरांना विचार, आणि दोन बाटल्या आजच बंद कर.

उद्या दुपारी नवरा ऑफिसात असताना जुनी चादर अंथर, मोबाइल आतल्या खोलीत ठेव. मुलाला ताठ बसव. ताटलीत गुरगुट्या भात, वरण, तूप, वर लिंबू, उकडलेल्या गाजराची बोटाएवढी फोड, उकडलेलं अंडं कुस्करून. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात. मग समोर बसून तू तुझं जेव. तो केसांना भात फासेल, गाजर फेकेल, फेकू दे. 'एक घास चिऊचा' नको, टाळ्या नकोत. अर्ध्या तासाने ताटली उचल. एखादी नवी चव पुष्कळदा आठ-दहा वेळा पुढे आल्यावरच मूल ती स्वीकारतं, तेव्हा तिसऱ्या दिवशी मला पत्र लिहू नकोस.

फरशी पुसायला मावशी येतात ना? त्यांच्या वेळेआधी जेवायला बसव, आणि या महिन्यात त्यांना दोनशे रुपये जास्त दे.