काटा बंद म्हणजे मीटर गेला असं नाही

अरे, जुन्या गाडीचा काटा हलत नाही म्हणून लगेच मीटर उघडू नकोस. पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे एकदमच बंद पडलेत का? मग आधी फ्यूज आणि अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीला दिलेली जोडणी, बघ. पुण्याच्या पावसाळ्यात जुन्या गाडीची अर्थिंग हमखास गंजते. माझ्या गाडीत डॅशबोर्डमागच्या स्क्रूखाली हिरवट थर साचला होता. पॉलिश पेपरने घासला, काटे उठले!

एकच काटा बंद असेल तर सेंडरची, म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसून काट्याला माप पाठवणाऱ्या भागाची, वायर काढून बॉडीला जोड. पण चावी बंद ठेवूनच, टाकीजवळ ठिणगी अजिबात नको. मग चावी फिरवून काटा बघ, लगेच बंद कर. काटा टोकाला सरकला तर मीटर आणि वायरिंग धडधाकट, सेंडर किंवा त्याची अर्थिंग गेलीय. अर्थिंग ठीक असेल तर मग नव्या सेंडरसाठी खुशाल पुण्यातल्या स्पेअर पार्टच्या बाजारात, नाना पेठेत जा.